चिखलातली उंदरं

बाई, रविवारी सभा आहे. पुढच्या सालापासून तलावाचं गेट उघडायचंच नाही, असं ठरवणार आहेत म्हणे. पाणी पाळीला, तलावाच्या बांधाला, टेकेपर्यंत भरलेलं राहू द्यायचं. म्हणजे चिखल उघडा पडणार नाही, चिखल नाही तर कोणी त्यात पिकाची वाडी लावणार नाही, वाडी नाही तर डुकरांसाठी विजेची तार नाही. "त्या चिखलानं पारबताबाई खाल्ली," असं जो तो म्हणतो. आणि मीही तेच म्हणेन अशी सगळ्यांची खात्री आहे, कारण वर्षभर मी तुझ्याशी त्याच चिखलावरून भांडले. मला सभेत बोलायचं आहे. पण आधी तुझ्याशी एकदा भांडून घेतल्याशिवाय तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून लिहायला बसले.

लिहायला लागले की माझी भाषा पुस्तकी होते, तू हसशील. शाळेत आपण दोघीही गेलो नाही. मी माझ्या पोराच्या पाटीवरून शिकले आणि त्या पाटीवर मले-तुले नव्हतं. पण तू जशी बोलायचीस तशीच इथे बोलशील, त्याला मी हात लावणार नाही.

येणाऱ्या प्रत्येकाला मी सरळ सांगते, बाई तारेनं मेली. साप चावून नाही, छातीत कळ येऊन नाही. तुला चिखलातून वर आणलं तेव्हा आपल्याच चारचौघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "काकू, सापाचं सांगू. तार लावणारं पोरगं जेलात जाईल उगाच." तुझ्या तळहाताची कातडी सोलून वर आली होती, आणि यांना साप सुचत होता. मी म्हणाले, "साप असता तं मीच त्याले ठेचला असता. हे तुमचं काम आहे, तुमीच निस्तरा."

फटफटलं होतं तेव्हा. पाण्यावर धुकं होतं. तू नेहमीसारखी चपला हातात घेऊन चिखलात उतरलीस, मी पाळीवर होते. उंदरं, आपली ती चिखलातली पाखरं, पलीकडे चरत होती आणि गावचं ते पिवळं कुत्रं त्यांच्यामागे धावत सुटलं. तू त्याच्यामागे. "हाड्! हाड् मेल्या!" म्हणून बोंबलत. माणसं जाताना देवाचं नाव घेतात, तू कुत्र्याला शिवी दिलीस. मग ते कुत्रं एकदम केकाटलं आणि आडवं झालं, पाय झाडायला लागलं. आणि तू, त्याला मारायला धावलेली तू, वाकून त्याचे पाय ओढायला गेलीस. काय गरज होती? मी आजही विचारते तुला, काय गरज होती?

तार तुला सोडत नव्हती. मी पाळीवरून कशी उतरले ते मला आठवत नाही. बेशरमाची वाळकी काडी हातात होती, तिनंच मारत सुटले, तारेवर, तुझ्या हातावर, कुठेही. तुझं मनगट मी फोडलं असेल. तार निसटली तेव्हा तू चिखलात तोंडावर पडलीस आणि जो वास आला तो अजून माझ्या लुगड्याला आहे, दोनदा धुतलं तरी.

आणि ती उंदरं! ती उडाली, पाण्यावर एक गिरकी घेतली आणि परत उतरली. तुझ्या पलीकडेच. तारेखालून तुरुतुरु निघून जात होती. तार डुकराच्या पोटाला लागेल अशी बांधलेली, त्यांची काय उंची? मला त्या घडीला त्यांचा असा संताप आला की हातात येईल तो चिखल मी त्यांच्यावर फेकला. लोक धावत आले तेव्हा मी तेच करत होते. म्हातारी बहिणीला उचलायचं सोडून पाखरांना मारते, असं दिसलं असेल त्यांना.

उंदरं हे नाव आपलंच. पुस्तकात त्याला छोटा टिलवा म्हणतात. चिमणीपेक्षा जरासं मोठं, वरून मातकट, पोट पांढरं, काळ्या काडीसारखे पाय. पावसाळा सरता सरता यायला लागतात, दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेच्या दिवसांत थव्यानं दिसतात आणि होळीनंतर निघून जातात. लांबून पाहिलं की चिखलावर उंदीर धावल्यासारखेच दिसतात. आपल्या बाबांनी आपल्याला त्यांच्यासाठी फास लावायला शिकवलं. ढिवराच्या घरात मासे कमी पडले की पाखरं. एका दोरीवर ओळीनं बारीक फास, दोरी चिखलात दाबून टाकायची आणि बेशरमाच्या आड दम धरून बसायचं. ही पाखरं चोच खाली घालूनच धावतात, फास त्यांना दिसत नाही. मग एकेकाचे पंख फडफडायला लागले की तू पळायचीस. मला दोन्ही हातांनीही एक मारवत नसे. तू अंगठा छातीवर ठेवून दाबायचीस, झालं. किती लहान होतीस तू. आई नुकतीच गेली होती आणि चूल तुझ्याकडे आली होती. पाखराची छाती दाबताना तुझ्या तोंडावर काहीच नसायचं. मी मात्र तुझ्या अंगठ्याकडे बघत राहायची. त्याच अंगठ्यानं तू माझ्या डोळ्यांत काजळ घालायचीस.

पुढे आपण एकाच घरात दिल्या गेलो, जावा झालो, आणि माझं पहिलं बाळंतपण भर हिवाळ्यात आलं. दूध उतरेना. पोर रडून रडून निळं पडलं. सासू म्हणाली, जे नशिबात असंल ते होईल. तू फास घेऊन तलावावर गेलीस आणि पदरात उंदरं भरून आणलीस. तो रस्सा मला जाईना, बारीक हाडं दातांखाली कडकड वाजत होती. तू माझे केस धरून मान मागे केलीस आणि वाटी ओठांवर आपटलीस. माझा ओठ फुटला. "गिळ," म्हणालीस, "नाई तं तुयाच छातीवर अंगठा ठेवतो." मी गिळलं, रक्तासकट गिळलं. तो पोर आता नागपुरात ट्रॅव्हल्सची गाडी चालवतो, बायकोला धाक दाखवतो आणि तुझ्या मातीला येऊन लहान मुलासारखा रडला. त्याला मी त्या रश्श्याची गोष्ट कधी सांगितली नव्हती. परवा सांगितली.

मग ती तबस्सुम आली. चंद्रपूरची पोर, बाप शिलाई मशिनी दुरुस्त करतो, ही पाखरांमागे फिरते. आधी मोहर्लीकडे होती. तिथे सगळे वाघच पाहतात, पाखराला कोणी विचारत नाही, म्हणून कंटाळून आपल्या तलावावर आली. तू तिला पडवीत खाट दिलीस आणि तिचं नाव दुर्बीणवाली ठेवलंस. संध्याकाळी ती सांगायची आणि तू तिची उलटतपासणी घ्यायचीस.

"काकू, हा पक्षी तिकडून येतो, जिथं उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही."

"मंग लोकं झोपते कवा?"

"लोकं नाहीतच तिथं. नुसता ओला माळ आणि बर्फ. झाडसुद्धा नाही."

"आन हे अंडे घालते कुठी? बर्फात? मंजे, आयक वं!" तू मला हाक मारलीस. "आपली कोंबडी पोतं टाकलं नाई तं बसत नाई, आन हे बर्फात घालते म्हने."

"बर्फ वितळला की, काकू. जमिनीवरच, गवतात छोटा खळगा करतो. मग कोल्हे येतात. पांढरे कोल्हे."

"कोल्हा पांढरा!" तू माझ्याकडे पाहून मान हलवलीस. "पोरगी खोटं बोलते, पन बेस बोलते."

तबस्सुम हसायची, पण सोडायची नाही. तिनंच सांगितलं की तिथे खरोखरचे उंदीर असतात, आणि ज्या साली ते उंदीर भरपूर, त्या साली कोल्ह्याचं पोट त्यांच्यावर भरतं आणि टिलव्याची पिल्लं वाचतात. उंदीर कमी झाले की कोल्हे पिल्लांवर उतरतात, माळ नुसता साफ करतात. तू म्हणालीस, "म्हंजे याच्या जागी ते मरते." मला ते वाक्य आता झोपू देत नाही. डुकरासाठी तार लावली होती, बाई. डुकराच्या जागी तू.

आणि तो शिदोरीचा दिवस. ती सांगत होती की एवढासा जीव डोंगर, वाळवंटं ओलांडून येतो, अंगातली चरबी जाळत जाळत येतो. तू लसूण सोलता सोलता सहज म्हणालीस, "ते मले माहीत हाये. मंडईच्या वक्ताले धरले तं नुसते हाडकं असते. होळीजवळ धरले तं तुपाचे गोळे. आमी होळीजवळचेच धरत होतो."

तबस्सुम टाळी वाजवून हसली. "बरोबर काकू! परत जायचं असतं ना तेव्हा. तेवढी चरबी साठवली की मगच निघता येतं. ती नसेल तर वाटेतच पडतो."

तू हातातला लसूण खाली ठेवलास. पोरीला काही कळलं नाही, ती पुढे बोलतच होती. मला कळलं. मग तू म्हणालीस, "वाटेची शिदोरी खाल्ली, मंजे, आपन त्याईची."

मी म्हणाले, "मंग काय उपाशी मरायचं होतं?"

"तसं नाई म्हनत मी."

"मंग कसं म्हनतेस?"

तू परत लसूण सोलायला लागलीस. ते भांडण तिथेच राहिलं. बाई, मला आजही वाटतं, आपण काही पाप केलं नाही. माझा पोर जगला. पण तुला जे वाटलं ते मी ऐकून घ्यायला हवं होतं की नको, एवढंच मला समजत नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं तुला आणखी एक सांगितलं. आई-बाप तिथून आधी निघतात. पिल्लं मागे राहतात, आपलं आपण खातात, वाढतात आणि मग एकटीच निघतात. रस्ता कोणी दाखवत नाही तरी इथवर पोचतात. तू म्हणालीस, "कसली माय म्हनाव ते!" आणि उठून सांदवाडीत, मागल्या परसात गेलीस. आपली आई गेली तेव्हा मला तुझा पदर तरी होता. तुला कोणाचा होता, हे मी तेव्हा कधी विचारलं नाही. तू वांग्याच्या झाडांना पाणी घालत उभी राहिलीस, भरून वाहायला लागलं तरी घालत राहिलीस.

त्यानंतर तुझ्या डोक्यात उंदरांना वाचवायचं शिरलं, आणि तू कशी वाचवणार? फास लावणारीचं डोकं तुझं. तुला चिखल म्हणजे मरण. "चिखलात उतरते म्हनून मरते," तू म्हणालीस. "पोट्टे फास लावते, कुत्रे धावते, सगळं चिखलातच. चिखलच नाई ठेवला तं? पान्यावर बसून राहतीन बदकावानी, कोन हात लावते?"

मी म्हणाले, "अवं, मंग खातीन काय? पानी पितीन?"

"तू गप. तुले काय कळते?"

तुझा नवरा तलावाचं गेट सांभाळायचा, तेव्हापासून गेटचा दांडा आपल्याच घरी. हातभर लोखंडी दांडा, तो घातल्याशिवाय गेटचं चाक फिरत नाही. मागच्या साली तू तो धान साठवायच्या ढोलीत, धानाच्या आत खुपसून ठेवलास. बहुतेकांच्या बांधीला, धानाच्या शेताला, आता कालव्याचं पाणी येतं, त्यांना फिकीर नव्हती. पण रामदासची बांधी शेवटाला, कालवा तिथवर पोचतच नाही. धान पोटरीवर आलं होतं. तो दारात आला, "मावशी, दांडा द्या." तू नाही म्हणालीस. तो ढोलीकडे गेला तर तू त्याच्या आधी पोचलीस, दांडा उपसलास आणि त्याच दांड्यानं त्याच्या खांद्यावर असा हाणलास की हाड वाजलेलं मी ऐकलं. त्याच्या आईनं, सुमननं, रस्त्यावर उभं राहून तुझ्या सात पिढ्या काढल्या. तू ओसरीवरून तिच्या आठ काढल्यास. रामदासचं धान वाळून पोचट झालं. त्यानं उभं पीक जनावरांना सोडलं.

आणि पाखरं आली. आठवतं ना? सगळा तलाव काठोकाठ, आरशासारखा. थवा वरून आला, खाली झुकला, परत वर गेला. पुन्हा आला. उतरायला जागाच नाही. सकाळभर घिरट्या घालत होती, ओरडत होती, तो त्यांचा बारीक आवाज, टिट् टिट्. मग दमली तशी पाळीवरच्या रस्त्यावर उतरायला लागली, सिमेंटवर. मोटारसायकली, बकऱ्या, पोट्टे. कुत्र्यांनी तर सणच केला. उरलेली उडाली तर वरून ससाणा पडला, दगड पडावा तसा. पिसं पाण्यावर येऊन पडत होती आणि तू पाळीवर दांडा धरून उभी. एकाला चाकानं चिरडलं ते तू उचललंस. अंगठा छातीवर ठेवलास, सवयीनं. म्हणालीस, "नुसतं हाडूक हाये वं."

तबस्सुम दोन दिवसांनी आली. पाहून तिचा चेहरा पडला. "काकू, पाणी कोणी अडवलं?"

"म्या."

"अहो, यांना पोहता येत नाही बदकासारखं. यांना चिखलच लागतो. नुसता पाय बुडेल एवढा. त्यातले किडे खातात ना."

तू माझ्याकडे पाहिलंस. मी मान वळवली. पण जे तोंडावर होतं ते तुला दिसलंच असेल, कारण तू दोन दिवस माझ्या हातचं जेवली नाहीस.

औंदा म्हणून तू उलटी फिरलीस. दिवाळी व्हायच्या आधीच दांडा काढून गेट सताड उघडं केलंस. मच्छीमार सोसायटीचे ढिवर धावत आले, मासे कमी होतील म्हणून. एक म्हणाला, "पारबताबाई, मागच्या साली बंद कर म्हने, औंदा उघड म्हने. तुमचं गेट हाये का तोंड हाये?" सगळे हसले, मीही हसले. तू त्याला अशी शिवी दिलीस की ती मी लिहीत नाही, पोरगा वाचेल.

तेव्हा मी तुला सांगितलं होतं, बाई. सगळ्यांसमोर सांगितलं होतं. "चिखल उघडा टाकला की गाव त्यात उतरते. वाड्या लागतीन, मंग डुकरं येतीन, मंग गावातले लोकं काय करते ते तुले माहीत हाये." तू म्हणालीस, "तुले सगळंच दिसते, मंजे, फक्त पाखरू दिसत नाई." दोन्ही वेळा माझंच खरं निघालं. आणि दोन्ही वेळा त्याचा कोणाला काही उपयोग झाला नाही, मला तर नाहीच.

रामदासनं चिखलात डाळीची लाखोळी टाकली. मागच्या सालचं धान गेलेलं, तो आणखी कुठे टाकणार? सुंदर उगवली, हिरवीगार, पाण्याच्या कडेला. उंदरं तिच्याच कडेनं चरायची आणि तू त्याला म्हणालीस, "पीक बेस हाये रे." खांदा मोडल्यानंतर तुझं त्याच्याशी तेवढंच बोलणं झालं. मग डुकरं आली, निम्मी वाडी उकरून टाकली. त्यानं विजेच्या खांबावरून आकडा टाकला आणि तार ओढली.

लोकांना सांगितलं होतं म्हणे त्यानं. आदल्या संध्याकाळी पानठेल्यावर मोठ्यानं सांगितलं, तलावाच्या त्या अंगाला जाऊ नका. सगळ्यांनी ऐकलं. सगळे घरी गेले, जेवले, झोपले. पोलिसांपुढे तो हेच सारखं सांगत होता, "मी सांगतलं होतं, साहेब." खोटं नाही बोलत तो. पण बाई, पानठेल्यावर आपण बाया कधी बसायला लागलो? चिखलात उतरणारं माणूस रोज तेवढं एकच, तू. आणि तुला-मला सोडून सगळ्या गावाला माहीत होतं.

ठाण्यात जायच्या आधी तो आपल्या दारात आला. उकिडवा बसला. "काकू, मारा मले." मी मारलं. तुला वाटेल मी रडून त्याला जवळ घेतलं असेल, मोठी बाई म्हणून. नाही. सांदवाडीतली तुरीची काडी घेतली आणि मारलं, पाठीवर, डोक्यावर, त्याच खांद्यावर, काडी मोडली मग हातानं मारलं. तो हलला नाही. त्याची आई फाटकाबाहेर उभी होती, तिनं एकदाही "नको" म्हटलं नाही. माझा दम सुटला तसा मी त्याला पाणी दिलं, कारण तोंडातून रक्त येत होतं. त्यानं चूळ भरली, तांब्या धुऊन ठेवला आणि आपल्या पायानं गेला. पोलिसांनी तार नेली. खुंट्या चिखलातच राहिल्या होत्या. त्या मी उपटून आणल्या, वाळवल्या, आणि आता रोज एकेक चुलीत घालते. बरं जळतं ते लाकूड.

इथवर लिहून मी थांबले होते. मधे रविवार होऊन गेला.

सभेला समाजमंदिर भरलं होतं. जो तो तुझं नाव घेत होता, पारबताबाईच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून गेट बंद, असं. तुझा आत्मा आणि शांती! मी दांडा पदराखाली नेला होता. उठले तर सगळे सरसावून बसले, की आता ही म्हणते बंद करा आणि आपण घरी जाऊ.

मी म्हणाले, "चिखलानं नाई खाल्लं माह्या बहिनीले. चिखलाले दात नाई. तारेनं खाल्लं, आन तार आपल्यातल्यानं लावली, आन आपन सगळ्यायनं आयकून ठेवली. पानी भरून ठेवलं तं काय होईन? तार बांधीवर जाईन. मंग बांधीत बी पानी भरता का? गेट उघडंच राहीन. वाड्या लावा, मी नाई म्हनत नाई. राखन करा, मचान बांधा, डबडे वाजवा. पन ज्याच्या वाडीत तार दिसन त्याच्या डोकशात हा बसन." आणि दांडा मधे जमिनीवर टाकला. केवढा आवाज झाला. "ज्याले बंद करायचं हाये त्यानं उचला."

कोणी हललं नाही. मग सुमन उठली. पोर जेलात, धान गेलेलं, लाखोळी डुकरांनी खाल्लेली. तिनं दांडा उचलला, हातात तोलला. म्हणाली, "यानंच मारलं होतं तिनं माह्या रामदासले." मला वाटलं आता ती गेटकडे जाते, नाहीतर माझ्या डोक्यात घालते, आणि दोन्हीला मी काही म्हणू शकणार नव्हते. ती माझ्यापर्यंत आली आणि दांडा माझ्या मांडीवर ठेवला. जोरातच ठेवला, अजून निळं आहे. "तुमच्याच घरी असू द्या. माह्या घरी राह्यला तं मी हिरीत टाकीन." आणि बाहेर निघून गेली. कोणाला काही ठरवायचं उरलंच नाही, लोक चपला शोधायला लागले.

दांडा ढोलीत ठेवला आहे. पुढच्या दिवाळीआधी मीच काढेन. हाताला झेपला नाही तर सुमनला बोलावेन, शिव्या देत का होईना, ती येईल.

आता आपलं शेवटचं भांडण. ती लंगडी. तू मागे पोट्ट्यांच्या फासातून एक पाखरू सोडवलं होतंस, त्याच्या एका पायाचा पंजाच तुटला होता. औंदाच्या हिवाळ्यात म्हणालीस, "आली वं, तेच हाये." मी म्हणाले, पाखराचा पाय कुठेही तुटतो, तेवढ्या लांबून तेच पाखरू परत याच चिखलात कशाला येईल? तबस्सुमला विचारलं तर ती म्हणाली, येतातही काकू, पण सांगता येत नाही. तिच्या त्या उत्तरानं आपण दोघीही जिंकलो आणि भांडण चालूच राहिलं. तू रोज तिलाच पाहायला जायचीस. त्या दिवशीही.

आज सकाळी मी पाळीवर बसले. चिखल मोकळा आहे, खुंट्यांची भोकंही बुजली. उंदरं होती, पण ऊन यायची वाट पाहत झोपलेली, आणि ही झोपतात एका पायावर. सगळीच्या सगळी लंगडी! मला हसूच आलं, बाई. आता धावतील तेव्हा कळेल म्हणून डोळे ताणून बसले. एकानं डोकं काढलं, आळस दिला, आता दुसरा पाय टेकणार, तेवढ्यात कुठलंसं काळं कुत्रं खाली उतरलं.

"हाड्! हाड् मेल्या!" मी बोंबलले. आपल्या घरात एवढ्या मोठ्यानं फक्त तूच ओरडायचीस. कुत्रं पळालं आणि पाखरंही उडाली, माझ्याच आवाजानं.

होळीपर्यंत आहेत ती. उद्या पुन्हा जाईन. लंगडी नसली तर घरी येऊन तुझ्या फोटोसमोर उभी राहून सांगेन, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि असली, तर तुला सांगणार नाही. एवढं भांडण तरी माझ्याजवळ राहू दे.